मंजूर करा?

मंडळी, खूप दिवसांनी लिहितेय. मधल्या काळात कुणीकुणी "काय गं, लिहिणं सोडलंस का?" असं विचारलं. सोडलं नव्हतं. डोक्यात एक गोष्ट घोळत होती आणि ती रागाशिवाय लिहिता येत नव्हती. शेवटी ठरवलं, रागासकट लिहावी.

तर झालं असं. मागच्या महिन्यात कोंडाण्याला घरी पूजा होती. (आमचं कोंडाणे कर्जतजवळचं, लेण्यांचं. सिंहगडाचं जुनं नाव कोंडाणा, त्याच्याशी आमचा काही संबंध नाही. हे मला दर वेळी सांगावं लागतं, आणि या घोटाळ्याकडे मी पुढे परत येणार आहे.) जेवणं आटपून सगळे ओटीवर टेकले आणि काकांनी दरवर्षीचा प्रश्न टाकला, "तू नक्की करतेस काय गं?"

बारा वर्षं मी या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देतेय. माझ्या हुद्द्याचं नाव आहे यूएक्स कंटेंट स्ट्रॅटेजिस्ट. हे नाव ऐकून आमच्याकडे एकदम शांतता पसरते. या वेळी चुलतभावाने माझ्या वतीने उत्तर दिलं, "अहो, बटणांवरचं लिहिते ती. ओके, कॅन्सल!" सगळे हसले. काकू म्हणाल्या, "एवढ्यासाठी पगार देतात?" मीसुद्धा हसले.

आत्या तेवढी हसली नाही. ती उठून भांडी घासायला गेली.

का ते सांगते. पण आधी काकूंच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण ते उधार राहिलंय.

हो, एवढ्यासाठीच पगार देतात. मोबाइलवर तुम्ही तिकीट काढता, पैसे पाठवता, अर्ज भरता, तेव्हा पडद्यावर जे शब्द दिसतात ते कुणीतरी लिहिलेले असतात. बटणावरचे दोन शब्द, चुकल्यावर येणारी सूचना, रकान्यावरचं नाव. ते शब्द ठरवायचे, ते सगळीकडे एकसारखे ठेवायचे, कुठे काय सांगायचं आणि कुठे गप्प बसायचं हे बघायचं, हे माझं काम. 'यूजर एक्स्पीरियन्स' हे शब्द डॉन नॉर्मन यांनी १९९३ च्या सुमारास अ‍ॅपलमध्ये असताना आपल्या हुद्द्यात घातले आणि तिथून ते जगभर पसरले. म्हणजे आमचा धंदा तसा नवाच. पण दोन शब्दांनी काय फरक पडतो, याची एक गोष्ट आमच्या धंद्यात सगळ्यांना पाठ असते. जेरेड स्पूल नावाच्या जाणकाराने २००९ साली ती सांगितली. एका मोठ्या दुकानाच्या संकेतस्थळावर खरेदी पूर्ण करण्याआधी 'नाव नोंदवा' असं बटण होतं. लोक तिथेच वैतागून निघून जायचे. त्या जागी 'पुढे चला' एवढंच ठेवलं आणि खाली लिहिलं की खरेदीसाठी खातं उघडायची गरज नाही. स्पूल यांच्या म्हणण्याप्रमाणे पहिल्या वर्षात तीस कोटी डॉलरची विक्री वाढली.

तर काकू, पगार त्यासाठी देतात. दुकानदाराचे पैसे वाढतात ना!

आता दुसरी बाजू. शब्दांनी पैसे वाढतात तसे जातातही. आत्याचे गेले.

२०२३ च्या पावसाळ्यातली गोष्ट. ज्यांनी राजमाची केलाय त्यांना ठाऊक असेल, पावसात आमच्याकडे शनिवार-रविवार ट्रेकवाल्यांची रीघ लागते. आत्या आलेल्यांना घरी जेवण करून घालते. पिठलं, तांदळाची भाकरी, ठेचा. तेवढाच चार महिन्यांचा हातखर्च. एका दुपारी तिला फोन आला. रविवारी पंधरा जणांचं जेवण हवंय, आगाऊ पैसे पाठवतो, मोबाइलवर येईल ते फक्त दाबा. फोन चालू असतानाच पडदा आला. मराठीत. आत्याच्या मुलाने तिला मोठ्या कौतुकाने सगळं मराठीत लावून दिलं होतं. पडद्यावर एक नाव, १,९५० रुपये, आणि खाली बटण:

विनंती मंजूर करा.

आत्याने दाबलं. पिन विचारला, दिला. पैसे गेले. पलीकडचा म्हणाला, "आले नाहीत का? पुन्हा पाठवतो." तिने पुन्हा दाबलं. ३,९०० रुपये. चार दिवस तिने कुणाला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणे. (मंडळी, असं कुणाचं झालं तर लाजायचं नाही, ताबडतोब १९३० ला फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे लांब जातात.)

मी तिला जरा चिडूनच विचारलं, "अगं आत्ये, दाबलंसच का?" ती म्हणाली, "मंजूर म्हटल्यावर पैसे येतात ना गं? जातात व्हय?"

मी गप्प बसले. तिचं काय चुकलं होतं? सांगा मला. तुम्हीही जरा आठवून बघा, 'मंजूर' हा शब्द तुम्ही कुठे कुठे ऐकलाय. कर्ज मंजूर झालं. अनुदान मंजूर झालं. रजा मंजूर. घरकुल मंजूर. गावात मंजूर म्हणजे वरून काहीतरी आलं. मंजूर, अर्ज, दाखल, रद्द हे सगळे दरबारी शब्द, फारसी अमदानीतून आपल्याकडे आले. मंजूर करणारा वर बसलेला असतो आणि अर्ज करणारा खाली उभा. आत्या आयुष्यभर खाली उभी राहिलेली बाई. आपण काही मंजूर करतोय, आपल्या खिशातलं कुणाला देतोय, हे तिच्या मनात येणारच कसं? तिने ते वाक्य बरोबर मराठीत वाचलं. चुकीचं ते लिहिणाऱ्याने लिहिलं होतं.

तुम्ही म्हणाल, चोर तो चोरच, त्याला बोल. बोलतेच. पण चोराने फक्त फोन केला. बटण त्याने लिहिलेलं नव्हतं. त्या बटणावर 'मंजूर करा'ऐवजी '१,९५० रुपये द्या' असं असतं, तर आत्याने पलीकडच्याला विचारलं असतं, "मी का देऊ बाबा?" तेवढ्या एका प्रश्नावर चोराचा धंदा बसला असता.

आता जे सांगायला मला इतके दिवस लागले ते सांगते. तो पडदा मी लिहिलेला नव्हता. पण त्याच्या आधी दोन वर्षं, दुसऱ्याच एका कामात, माझ्यासमोर एक्सेलची शीट आली होती. चारशे ओळी. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, संध्याकाळपर्यंत तपासून हवंय. त्यात एक ओळ होती, 'अप्रूव्ह रिक्वेस्ट'. समोर 'विनंती मंजूर करा'. मी खूण केली आणि पुढे गेले. शुद्धलेखन बरोबर, व्याकरण बरोबर. ते बटण कुठल्या पडद्यावर आहे, कुणासमोर येणार आहे, दाबल्यावर पैसे येतात की जातात, हे शीटमध्ये नव्हतं आणि मी विचारलं नाही. तिथे कुणाची आत्या फसली का, मला कधीच कळणार नाही.

म्हणून माझं भांडण आधी माझ्याच धंद्याशी आहे.

पहिलं भांडण शीटशी. घर बांधून, रंग देऊन झाल्यावर आता दारं कुठे हवीत ते सांगा असं गवंडी विचारत नाही. इथे मात्र सगळं बांधून झाल्यावर शब्द भरतात, तेही इंग्रजीत, आणि त्यानंतर सगळ्यात शेवटी, उरलेल्या वेळात आणि उरलेल्या पैशांत, मराठी. मराठी माणसासाठी मराठीत विचार करून लिहिलेला एक पडदा मला माझ्या बारा वर्षांत हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच भेटला. बाकी सगळे भाषांतर. त्यातही पुष्कळदा हिंदीवरून उतरवलेलं. 'साझा करा' कुठल्या घरात म्हणतात हो? 'अधिक जाणा' हे कुणाचं मराठी?

आणि ते 'रद्द करा'! तिकीट रद्द करायला जावं तर पडदा विचारतो, 'तिकीट रद्द करायचे?' खाली दोन बटणं: 'रद्द करा' आणि 'ठीक आहे'. आता रद्द करा म्हणजे तिकीट रद्द करा की रद्द करणं रद्द करा? इंग्रजीतही हा गोंधळ आहे. आपण तो इमानदारीने, एक अक्षर न सांडता, मराठीत आणला. 'हो, तिकीट रद्द करा' आणि 'नको, राहू द्या' एवढं लिहायला किती खर्च येतो?

दुसरं, आमच्या गावाच्या नावाकडे परत येते. मराठीत नाम जसंच्या तसं राहत नाही. कोंडाणेचं कोंडाण्याला होतं, कोंडाण्याहून होतं. संगणकाला हे ठाऊक नसतं. तो नावाला नुसता प्रत्यय डकवतो आणि 'कोंडाणे ला पोहोचण्यास २० मिनिटे' असं दाखवतो. बरं, शहाणपणा करून सामान्यरूप केलं तर कोंडाणा आणि कोंडाणे दोन्हींचं 'कोंडाण्याला'च होतं, आणि पाहुणा सिंहगडाच्या पायथ्याशी! :) यावर इलाज सोपा आहे. वाक्यच करू नका. 'ठिकाण: कोंडाणे (कर्जत)' असं लिहा. पण हे सुचायला लिहिणाऱ्याला वाक्य कुठे जाणार ते दिसायला हवं, आणि मराठी आतून यायला हवं. इंग्रजीच्या साच्यात शब्द ओतणाऱ्याला ते कधीच दिसणार नाही.

आता विरोधकांकडे वळते. तीन प्रकारचे आहेत आणि तिन्ही आमच्या घरातच भेटतात, तेव्हा फार लांब जायला नको.

पहिले म्हणतात, कशाला मराठीचा अट्टहास, इंग्रजी सगळ्यांना कळतं, मराठीचा पर्याय कुणी निवडतच नाही. यातला शेवटचा भाग खरा आहे, हे मी मान्य करते. माझाही फोन इंग्रजीत आहे. पण का आहे? मराठी लावून बघितलं, आठवड्याभरात डोकं उठलं आणि परत फिरले. वाईट अन्न वाढायचं आणि मग कुणी जेवायला येत नाही असा आकडा दाखवायचा, असला हा हिशेब. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटी तीस लाख लोक होते. त्यातल्या आत्यासारख्यांना इंग्रजीकडे परत फिरण्याची सोयच नाही.

दुसरे माझे काका. त्यांना 'अपलोड' दिसलं की ठसका लागतो. मराठीत प्रतिशब्द घडवा, वापरा, रुळतील, असं त्यांचं म्हणणं. हे म्हणणं टाकाऊ नाही. शिवाजी महाराजांच्या काळात रघुनाथपंत हणमंत्यांनी राज्यव्यवहारकोश केला. सावरकरांनी दिलेले महापौर, दिग्दर्शक आज आपण विचार न करता बोलतो. उलट १९६२ साली सरकारने पदनाम कोश काढला तेव्हा लोकांनी त्याला बदनाम कोश म्हणून हिणवलं. तेव्हा कुठला शब्द रुळेल हे आधी सांगता येत नाही, हे काकांचं खरं. पण काका, महापौर हा शब्द शिकायला लोकांना वर्षं मिळाली. बटणासमोर आत्याला दोन सेकंद मिळतात, आणि कानाला फोनवर चोर असतो. शब्द रुजवायची जागा वर्तमानपत्र, शाळा, पुस्तक. पैसे जाण्याची जागा ती नव्हे. तिथे आत्या जो शब्द बोलते तोच लिहायचा. ती 'पासवर्ड' म्हणत असेल तर पासवर्ड.

उलट लोकांच्या तोंडचा शब्द घेतला की काय होतं त्याचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकऱ्याने आपल्या पिकाची नोंद मोबाइलवरून आपणच करायची. त्यात 'कायम पड', 'चालू पड', 'बांधावरची झाडे' असे शब्द आहेत. हे कुणी कोशातून काढलेले नाहीत. सातबारा वाचणाऱ्याला ते आधीपासून तोंडपाठ आहेत. ज्याने ते तसेच ठेवले त्याला माझा नमस्कार. आत्याला जमीन किती पड आहे ते कुणी समजावून सांगावं लागत नाही.

तिसरे म्हणतात, लोकांना सवय होते गं, एवढं काय. खरंय, होते. लोकलच्या इंडिकेटरवर 'एस' म्हणजे कर्जत आणि 'एन' म्हणजे कसारा, आणि वर 'एस' म्हणजे स्लोसुद्धा. आम्ही कर्जतकर ते झोपेत वाचतो. पण पहिल्यांदा येणाऱ्या पाहुण्याला विचारा, कल्याणच्या पुढे चुकीच्या गाडीत बसल्यावर कसं वाटतं ते. सवय झालेल्याचं काही अडत नाही. लिहायचं असतं ते सवय नसलेल्यासाठी. आणि चुकीची गाडी उलट्या गाडीने परत येते, ३,९०० रुपये येत नाहीत.

या सगळ्यात आमच्या धंद्याचं एक काळं अंगही आहे, ते लपवणार नाही. काही शब्द मुद्दाम फसवे लिहिले जातात. 'नको, मला पैसे वाचवायचे नाहीत' असं नकाराच्या बटणावर लिहायचं, म्हणजे माणूस ओशाळून होकार दाबतो. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला अशा तेरा फसव्या प्रकारांची यादी करून त्यांना मनाई केली. हे लाजवून होकार घेणंही त्यात आहे. त्याच वर्षी झालेल्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात असं म्हटलंय की संमती मागायची ती स्पष्ट आणि साध्या भाषेत, आणि माणसाला ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचता आली पाहिजे. म्हणजे मराठीतही. आणि ज्या मागणीच्या सोयीतून आत्याचे पैसे गेले, ती माणसामाणसांतली सोय एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५ पासून बंदच केली. चांगलं झालं. पण बघा, शब्द दुरुस्त करण्यापेक्षा अख्खी सोय बंद करणं सोपं गेलं.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आमच्या गटावर दिवसभर फुलं आणि हात जोडलेली चित्रं येत होती. मलाही आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण दोन हजार वर्षांची भाषा असल्याचा अभिमान आणि पडद्यावर 'अधिक जाणा', हे एकाच खिशात घेऊन आपण फिरतो.

दोन हजार वर्षांवरून आठवलं. पूजेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटीच लेण्यांवर गेले. लहानपणी तिथे आम्ही करवंदं शोधत जायचो. चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर डाव्या हाताला एका भग्न मूर्तीचं डोकं आहे, त्याच्याजवळ ब्राह्मी अक्षरांत एक ओळ कोरलीय. अर्थ एवढाच: कण्हाचा शिष्य बलक याने केलं. झालं, संपलं. काय केलं ते सांगत नाही, कारण ते समोरच उभं आहे. कुणी केलं ते मात्र सांगतो. गुरूचं नाव आधी, मग स्वतःचं. दगडावर एकेक अक्षर ठोकायचं म्हटल्यावर माणूस फालतू शब्द लिहीत नाही.

आणि आम्ही? 'व्यवहार अयशस्वी झाला.' 'त्रुटी उद्भवली आहे.' कुणाची त्रुटी? कुणी केली? कुणीच नाही! ती आपोआप उद्भवते, पावसाळ्यातल्या ओढ्यासारखी. पैसे कापले गेले, विनंती नाकारली गेली, सत्र समाप्त झालं. सगळ्या वाक्यांतून करणारा माणूस पुसून टाकलेला. बलकाने आपलं नाव खडकात ठेवलं, आम्ही आमचं शीटमध्येसुद्धा ठेवत नाही.

म्हणून मी आता तीन गोष्टी ठरवल्यात. पडदा दाखवल्याशिवाय शब्द तपासणार नाही. पैशाच्या बटणावर कोण देतंय, कुणाला आणि किती, हे लिहिल्याशिवाय ते पुढे जाऊ देणार नाही. आणि महत्त्वाचा पडदा आधी आत्याला वाचून दाखवणार. पहिल्या दोन गोष्टींवरून मागच्या तीन महिन्यांत ऑफिसात दोन भांडणं झाली. एक हरले, एक जिंकले. ठीक चाललंय म्हणायचं.

तिसरी गोष्ट मात्र सोपी नव्हती. लेण्यांवरून परत आल्यावर आत्याच्या चुलीपाशी बसले आणि त्या शीटचं, त्या ओळीचं सगळं सांगून टाकलं. ती भाकरी थापत होती. ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे बटणावरचं लिहितात ते माणूसच असतं होय? मला वाटायचं मशीन लिहितं." जरा थांबून म्हणाली, "मग नीट लिवा की गं."

काका, पुढच्या वर्षी तुम्ही विचाराल तेव्हा उत्तर तयार आहे. नीट लिहायचं काम करते.